तीनशे ऐंशी टप्पे

तुमच्या नात्यात किंवा शेजारात असा एक माणूस असणारच. तुम्ही पुण्याहून येता, दोन्ही हातांत पिशव्या, पायांत अजून चपला, आणि तो दारातच विचारतो, "किती वाजता निघालात?" पाणी नंतर. तुम्ही "सहाला" म्हणता. तो घड्याळाकडे बघतो, ओठ हलवतो आणि निकाल देतो, "तीन तास चाळीस मिनिटं. एक्स्प्रेस वेनं आलात ना? मग मधला अर्धा तास कुठे गेला?" खालापूरला थांबून वडा खाल्ला हे तुम्हाला कबूल करावं लागतं. वडा कसा होता ह्याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. अर्धा तास सापडला, हिशेब जुळला, आता तुम्ही बसू शकता.

आमच्या ठाण्यातल्या इमारतीत हे खातं नानांकडे आहे.

नाना एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. स्टँडवरच्या खिडकीआड बसून, कुणालाही न कळणाऱ्या आवाजात माइकवरून गाड्या पुकारणारा आणि वाहकाच्या कागदावर वेळ टाकून सही ठोकणारा जो माणूस असतो, ते नाना. एसटीचं भाडं टप्प्यांवर ठरतं आणि एक टप्पा सहा किलोमीटरचा. नोकरी सुटली, टप्पा सुटला नाही. मुलीसाठी स्थळं बघायचे तेव्हा त्यांची एकच अट होती, सासर चाळीस टप्प्यांच्या आत हवं. पत्रिका जुळणाऱ्या दोन मुलांना त्यांनी केवळ अंतरावरून नकार दिला आणि एका बेताच्या पगाराच्या मुलाला होकार दिला, कारण तो चार टप्प्यांवर, डोंबिवलीत राहत होता. निर्णय चांगला ठरला असं त्यांची मुलगीच सांगते.

नाना स्वतः विमानात बसले ते सत्तरीला टेकल्यावर. विमानांचा हिशेब मात्र त्याच्या बराच आधी सुरू झाला होता, आणि त्याला कारण त्यांची पुतणी. तिला मॉरिशसला नोकरी लागली. घरात पेढे वाटले, नानांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी "तिथे गणपती बसवतात का गं?" म्हणून चौकशी केली. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते आणि एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्यांचे वंशज आजही गणपती बसवतात, हे ऐकून काकूंचं समाधान झालं. नानांनी फक्त नातवाचा शाळेतला पृथ्वीचा गोल मागवला, पतंगाचा मांजा काढला आणि मुंबईवर एक टोक धरून दुसरं मॉरिशसवर ताणलं.

"चार हजार सातशे. म्हणजे सातशे त्र्याऐंशी टप्पे. सहा तास वीस मिनिटं."

विमानाच्या वेळेचं नानांचं सूत्र सोपं आहे आणि ते तुम्हीही वापरून बघा, फारसं चुकत नाही. किलोमीटरला आठशेनं भागायचं आणि वर अर्धा तास घालायचा. पंख्याचं विमान असेल तर पाचशेनं भागायचं. तो अर्धा तास जमिनीवर रांगायचा, चढायचा आणि उतरायचा. अंतर दोनशे असो की चार हजार, तेवढा जातोच. ह्यावर विचारायचा प्रश्नही ठरलेला आहे: "निव्वळ हवेतला वेळ सांगू, की फलाट ते फलाट?" तिकिटावर छापतात तो फलाट ते फलाट, आणि त्यात कंपन्या थोडी ढील ठेवतात. लोक ह्याला लबाडी म्हणतात. नानांना त्यात काही गैर दिसत नाही. "आम्हीही कागदावर घाटाला दहा मिनिटं जास्त धरायचो. त्याशिवाय गाडी वेळेवर येत नाही."

पुतणी दुपारी पोचली तेव्हा नवी भानगड झाली. तिच्या घड्याळाप्रमाणे प्रवासाला पाच तासही लागले नव्हते. मॉरिशसचं घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे हे नानांनी समजावलं.

"मग ते दीड तास गेले कुठे?" काकू.

"कुठे जात नाहीत. परत येताना कापून घेतात."

काकूंनी हे ऐकून जे "हं" केलं ते घरात एखादी वस्तू हरवल्यावर करतात तसलं होतं.

नानांना बेटांचा नाद लागला तो पुढच्या वर्षी. पुतणी सुट्टीत रॉड्रिग्सला गेली. रॉड्रिग्स मॉरिशसचंच, पण पूर्वेला समुद्रात एकटं पडलेलं छोटं बेट. मॉरिशसच्या प्लेझान्स इथल्या विमानतळावरून निघायचं, मध्ये नुसतं पाणी, आणि उतरायचं प्लेन कोराय ह्या चिमुकल्या विमानतळावर. पंख्याचं विमान, दीड तास. नानांनी मांजा ताणला आणि गोलावरच बोट ठेवून थांबले. सहाशे किलोमीटर. शंभर टप्पे. बाकी शून्य! अख्ख्या नोकरीत त्यांना इतका स्वच्छ मार्ग मिळाला नव्हता. जाताना वेळ थोडा जास्त का लागला ह्याचं कारणही त्यांनी शोधून काढलं. त्या समुद्रावर वारे आग्नेयेकडून वाहतात. पूर्वेला जाताना ते तोंडावर येतात, येताना पाठीवर.

त्या दिवसापासून नानांचं एक मत झालं आहे. जमिनीवरच्या अंतरात भांडणाला जागा आहे. एकजण घाटानं मोजतो, दुसरा बायपासनं, तिसरा गावच्या वेशीपर्यंत आणि चौथा स्टँडपर्यंत. बेट ते बेट मात्र एकच अंतर. वाटेत थांबा नाही, फाटा नाही, "इथेच उतरवा हो मास्तर" म्हणणारं कुणी नाही. "शुद्ध माल आहे," असं ते म्हणतात.

शुद्ध मालाचा साठा वाढत गेला. लग्नाच्या पंगतीत शेजारी कोण बसलंय हे न बघता नाना विचारतात, "जगातलं सर्वांत लहान विमानउड्डाण कुठलं?" समोरच्याच्या तोंडात जिलबी असते. नाना वाट बघत नाहीत. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत. त्यातल्या वेस्ट्रेहून पापा वेस्ट्रेला १९६७ पासून विमान जातं. अंतर २.७ किलोमीटर, वेळापत्रकात वेळ दोन मिनिटं, आणि वारा अनुकूल असताना एका वैमानिकानं ते ५३ सेकंदांतही नेलंय. "आपल्या सांताक्रूझची मोठी धावपट्टीच तीन किलोमीटरहून लांब आहे. म्हणजे इकडून तिकडे धावण्यातच आपण त्यांच्या पुढे जातो." मग जरा वेळ थांबून, खऱ्या दुःखानं: "अर्धा टप्पासुद्धा नाही. तिकीट कसं फाडत असतील?"

दुसरा प्रश्न सामोआचा, आणि हा ते खास पाहुण्यांसाठी राखून ठेवतात. पॅसिफिकमध्ये सामोआ आणि अमेरिकन सामोआ असे दोन शेजारी आहेत. सामोआच्या फालेओलो विमानतळापासून पलीकडच्या पागो पागोपर्यंत जेमतेम दीडशे किलोमीटर, पंचवीस टप्पे. प्रवास पाऊण तासाच्या आतबाहेर. पण मधून वाररेषा जाते. व्यापार ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी, आणि त्यांचा सोमवार तो आपला रविवार, ही कटकट संपवण्यासाठी २०११ साली सामोआनं ३० डिसेंबर हा अख्खा दिवस गाळला आणि रेषेच्या अलीकडे उडी मारली. अमेरिकन सामोआ पलीकडेच राहिला. आता दोघांच्या घड्याळात बरोबर चोवीस तासांचा फरक. "मंगळवारी सकाळी दहाला निघालात तर पोचता सोमवारी पावणेअकराला!"

पाहुणे थक्क होतात. काकू होत नाहीत. त्यांनी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा हातातली परात खाली ठेवून विचारलं, "म्हणजे मंगळवारी उपास सोडून निघालं, तर तिकडे गेल्यावर पुन्हा चतुर्थी?"

नाना गप्प. ह्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी अजून दिलेलं नाही. पागो पागोचा विषय काकू स्वयंपाकघरात आहेत ह्याची खात्री करूनच निघतो.

मग एकदा ते हातात नकाशा घेऊन सोसायटीच्या सभेला आले. विषय पाण्याच्या टाकीचा होता. नाना उठले आणि म्हणाले, "आपण सगळे बेटावर राहतो ह्याची नोंद घ्यावी." आणि ते खरं निघालं. ठाणं आहे साष्टी बेटावर. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची. १८५३ साली बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली तीसुद्धा बेटाबेटांवरूनच. खाडी ओलांडून कल्याणला पोचली ती १८५४ साली. कळव्याला भाजी आणायला जाणं म्हणजे आशिया खंडावर पाऊल ठेवणं, हे नानांनी सिद्ध केलं. टाकीचा ठराव पुढच्या सभेवर गेला.

आणि साष्टी बेट म्हटल्यावर मुंबईचं विमानतळही बेटावरचंच झालं! नानांची कळी खुलली. जुहूचं तर त्याहून जुनं, जुहूही पूर्वी वेगळं बेट. तिथेच १९३२ साली जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले. म्हणजे दोन बेटांवरचे दोन विमानतळ, मध्ये अंतर काही किलोमीटरांचं. हा मार्ग कुणी चालवत नाही एवढंच. पण तो चुकून सापडला होता. २४ सप्टेंबर १९७२ च्या सकाळी एका जपानी कंपनीचं भलंथोरलं डीसी-८ विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरलं. धावपट्टी संपली, विमान संपेना. सुदैवानं कुणी दगावलं नाही. नाना ही हकिगत सांगताना वैमानिकाला अजिबात दोष देत नाहीत. "एक थांबा आधी उतरला बिचारा."

नवी मुंबईच्या नव्या विमानतळाशी मात्र त्यांचं पटलेलं नाही. सोय आहे, रस्ते आहेत, सगळं मान्य. पण ते खंडावर आहे. शेजारचा मुलगा तिथून गोव्याला निघाला तेव्हा नानांनी "जा, जा, सोयीचं पडतं" असं म्हटलं खरं, पण आवाज पडलेला होता.

अंदमानची सहल निघाली ती ह्या पार्श्वभूमीवर. सोसायटीतली आम्ही बरीच मंडळी होतो. बाकीच्यांनी टोप्या, गॉगल, समुद्रस्नानाचे कपडे घेतले. नानांनी मांजाचं रीळ, वही आणि एसटीतून मिळालेलं स्टीलचं घड्याळ घेतलं. मुंबई बेटावर, पोर्ट ब्लेअर बेटावर, आणि तिकडच्या विमानतळाला नाव वीर सावरकरांचं. ह्याहून मोठा योग नव्हता. २०२४ मध्ये त्या गावाचं श्री विजयपुरम झालं; नानांनी वहीत दोन्ही नावं लिहिली आणि खाली शेरा मारला, "अंतरात बदल नाही."

हवाई अंतर २,२८० किलोमीटर. तीनशे ऐंशी टप्पे. नानांच्या सूत्राप्रमाणे तीन तास वीस मिनिटं. पण सहल कंपनीनं चेन्नईला विमान बदलायचं ठेवलं होतं. "विनाथांबा नाही?" नाना सहल व्यवस्थापकाला विमानतळावर विचारत होते. तो पोरगा पहाटे तीनपासून लोकांच्या बॅगा मोजत होता. "चेन्नईवरून वळसा फक्त वीस टप्प्यांचा पडतो, त्याचं मला काही नाही. पण तिथे गाडी दोन तास उभी का?" पोरगा म्हणाला, "आजोबा, तिथे इडली मिळते." नानांनी हे उत्तर वहीत लिहून घेतलं.

चेन्नईनंतरचा टप्पा, म्हणजे भाग, १,३७० किलोमीटरचा. खाली बंगालचा उपसागर. वैमानिकानं पस्तीस हजार फुटांवरून उडत असल्याचं सांगितलं. नाना पुटपुटले, "उंची काय सांगतोस, अंतर सांग." थोड्या वेळानं त्यांनी हवाईसुंदरीला थांबवलं.

"बेटी, और कितने किलोमीटर?"

"सर, चालीस मिनट."

"टाइम मुझे मालूम है."

ती हसून पुढे गेली आणि खरोखरच आकडा विचारून परत आली. नानांनी तो आपल्या आकड्याशी ताडून पाहिला आणि समाधानानं मान हलवली. इतक्या वर्षांत त्यांना उलट टपाली उत्तर देणारी एवढी एकच व्यक्ती भेटली असावी. चाकं टेकली तेव्हा घड्याळात सूत्रापेक्षा चार मिनिटं कमी होती. उतरताना वैमानिक दारात उभा होता. नानांनी त्याचा हात हातात घेतला. "वेळेआधी आणलीत गाडी." वैमानिक मराठी नव्हता, पण त्याला कळलं.

सेल्युलर जेलमध्ये नाना सर्वांत मागे राहिले. सावरकरांना १९११ साली मद्रासहून 'महाराजा' नावाच्या जहाजानं इथे आणलं. चेन्नईहून येणाऱ्या जहाजाला आजही अडीच-तीन दिवस लागतात. आपण सकाळी आलो तोच मार्ग, दोनशे अठ्ठावीस टप्पे. मला वाटलं आता आकडा येणार. नानांनी वही उघडली, पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं आणि वही खिशात घातली. बाहेर आल्यावर चहा पिताना म्हणाले, "त्याचा हिशेब आपण करायचा नाही."

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झाली. संकष्टी होती. काकूंचं घरचं कॅलेंडर बरोबर होतं, त्यात चंद्रोदय रात्री नऊ वाजून काही मिनिटांनी. पण अंदमानात घड्याळ आपलं आणि सूर्य दुसऱ्याचा. पहाटे पाचच्या सुमारास उजाडतं आणि सहाच्या आत अंधार. तेव्हा चंद्र किती वाजता? सगळ्या उपासवाल्या बायका नानांभोवती जमल्या. असा मान त्यांना एसटीतही मिळाला नव्हता. त्यांनी घसा साफ केला. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. मुंबई ते इथवर वीस अंश. "ऐंशी मिनिटं वजा करा. सात पन्नास."

सात पन्नासला हॉटेलच्या गच्चीवर ताटं, निरांजनं, मोदक सगळं तयार. आकाश स्वच्छ. चंद्र नाही. सात पंचावन्न. नाही. काकू नवऱ्याकडे बघत होत्या, ती नजर मी पूर्वी ठाणे स्टँडवर, न आलेल्या गाडीची वाट बघणाऱ्या प्रवाशांच्या डोळ्यांत पाहिली आहे. आठ वाजता झाडांमागे पिवळं काहीतरी दिसलं. बायकांनी हात जोडले. नानांनी घड्याळ बघून वहीत लिहिलं: "चंद्र, दहा मिनिटं उशिरा."

"चंद्राला तुम्ही एसटी समजलात का हो?" काकू म्हणाल्या, पण पहिला मोदक त्यांनाच दिला. रात्री उशिरापर्यंत नाना जागे होते. सकाळी नाश्त्याला आले ते कारण घेऊनच: आपण नुसते पूर्वेला आलो नाही, साडेसात अंश दक्षिणेलाही उतरलो, आणि ह्या दिवसांत चंद्र उत्तरेकडून उगवतो, म्हणून इथे तेवढा मागे पडतो. मी हे नंतर खगोलशास्त्र शिकवणाऱ्या एका मित्राला विचारलं. बरोबर आहे म्हणाला.

नानांचा कंटाळा येतो का? येतो की. लिफ्टमध्ये अडकलात तर विशेष येतो. तुम्ही लक्षद्वीपला जाणार म्हणालात की ते सांगणार, आगत्तीला विमान सुरू झालं तेव्हा ते कोचीच्या विलिंग्डन बेटावरून सुटायचं, म्हणजे बेट ते बेट होतं. १९९९ मध्ये नवं विमानतळ नेडुंबासेरीला नेलं आणि मार्ग बिघडवला. तुमचा मजला येऊन गेलेला असतो.

पण इमारतीतलं कुणी प्रवासात असेल तर नाना झोपत नाहीत, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. कोणत्या घरचं पोर कोणत्या विमानात आहे हे त्यांच्या वहीत असतं. मोबाइलवर विमान दाखवणारं ॲप नातवानं घालून दिलंय. ते खरं सांगतंय की नाही हे तपासण्यासाठी नाना मांजा वापरतात. मागच्या पावसाळ्यात माझी मुलगी चेन्नईहून परत येत होती. विमानाची वेळ टळून गेली, फोन लागेना, आम्ही नवरा-बायको एकमेकांना धीर देतोय असं दाखवत दिवाणखान्यात बसलो होतो. रात्री साडेबाराला बेल वाजली. दारात नाना, गळ्याला मफलर.

"मुंबईवर पाऊस आहे. वर घिरट्या घालतंय. तीन फेऱ्या झाल्या. इंधन भरपूर असतं. उतरेल एक वाजेपर्यंत, मग बॅगेला वीस मिनिटं. तुम्ही पडा जरा."

आणि चपला ओढत निघून गेले. विमान बाराच्या पुढे त्रेपन्न मिनिटांनी उतरलं. मुलीनं आम्हाला फोन केला तो नानांच्या नंतर.

तुमच्याकडेही असा कुणी असेल, मामा, आत्याचे यजमान, खालच्या मजल्यावरचे काका, तर एवढंच करा. पोचल्यावर नुसतं "पोचलो" असं कळवू नका. चाकं कधी टेकली आणि फलाटाला कधी लागली, दोन्ही वेळा सांगा. आणि सात तेराला टेकली असतील तर सव्वासात म्हणू नका. त्यांना आधीच माहीत असतं.